फुटबॉलच्या ब्लॅडरमधली हवा

बाई मासे खायच्या आणि मासे पाळायच्याही, आणि यात काही विचित्र आहे असं जो म्हणेल त्याला दार दाखवायच्या. मी त्यांच्याकडे खोली बघायला गेले तेव्हा आत गॅसवर बोंबील तळले जात होते आणि बाहेर हॉलमध्ये भल्यामोठ्या काचेच्या टाकीत सोनेरी मासे फिरत होते. मी एकदा टाकीकडे बघितलं, एकदा स्वयंपाकघराकडे. बाईंनी ते बरोबर टिपलं. "ताटातले वेगळे, घरातले वेगळे," त्या म्हणाल्या. "गावाला कोंबड्या होत्या ना तुमच्याकडे? त्यांना नावं नव्हती ठेवलीत?" ठेवली होती, आणि त्यातल्या बऱ्याचशा आम्ही खाल्ल्याही होत्या. मी खोली घेतली.

नव्वदच्या दशकातली, मधल्या वर्षांतली ही गोष्ट. मला बेलापूरला एका ऑफिसात नोकरी लागली होती आणि बाईंचा फ्लॅट नेरूळला, चौथ्या मजल्यावर होता. बाई म्हणजे शाळेतल्या पी.टी.च्या बाई. रिटायर होऊन काही वर्षं झाली होती, मिस्टर त्याच्याही आधी गेले होते. पण बाईंच्या अंगातली पी.टी. काही रिटायर झाली नव्हती. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, गळ्यात शिट्टी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. लग्नाला जायचं असलं तरी तेच बूट, फक्त त्या दिवशी खडू लावून आणखी पांढरे केलेले. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, किंवा त्यांना ठेवायचीच नसायची. मी कराडची, म्हणून 'ए कराड'. सोसायटीतल्या लोकांना फ्लॅटच्या नंबरावरून हाक. "तीनशे दोन, दूध उतू जातंय तुमचं!" असं त्या जिन्यातून ओरडल्या की खालच्या काकू हातातलं टाकून पळायच्या. आणि आपलं दूध उतू जातंय हे या बाईला चौथ्या मजल्यावर कसं कळतं, म्हणून चिडायच्याही.

माशांना मात्र नावं होती. नावं कसली, मैदानावरच्या जागाच. सगळ्यांच्या पुढे धावणारा तो कॅप्टन. कायम एकमेकांच्या अंगावर जाणारे दोघं म्हणजे लेफ्ट आउट आणि राइट आउट. दोन मधल्या फळीतले. आणि एक जाडा, फिकट, टाकीच्या तळाशी कोपऱ्यात बसून राहणारा, तो गोलकीपर. बाकीचे खाणं टाकलं की वर झेपावायचे, हा पठ्ठ्या खाणं खाली येईपर्यंत हलायचा नाही. "जागा सोडत नाही तो," बाई कौतुकाने सांगायच्या. "माझ्या टीमला असा एक मिळाला असता ना, आम्ही जिल्ह्याला गेलो असतो." रोज सकाळी दात घासता घासता त्या टाकीसमोर उभं राहून सहा जणांची हजेरी घ्यायच्या. तोंडात ब्रश असल्यामुळे त्या काय म्हणायच्या ते फक्त माशांनाच कळत असावं.

टाकीला हवेचा एक छोटा पंप होता. तो दिवसरात्र घुर्रर्र करत बारीक नळीतून पाण्यात हवा सोडायचा आणि तळाशी ठेवलेल्या दगडातून बुडबुडे वर यायचे. पहिले काही दिवस त्या घुरघुरीने मला झोपच लागेना. मी तक्रार केली तर बाई म्हणाल्या, "तो आवाज बंद झाला ना, तेव्हा झोप उडायला पाहिजे. पाण्यात राहून पण गुदमरतात ते. गोल्डफिशला हवा लागते भरपूर."

ती टाकी बाईंनी शाळेतून आणली होती. आणली म्हणजे भांडून आणली. मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर ती वर्षानुवर्षं पडून होती, काचेवर हिरवं शेवाळ, आत दोन-तीन मरतुकडे मासे. शिपायाला वेळ नाही, मास्तरांना घेणंदेणं नाही, म्हणून बाईच मधल्या सुट्टीत ती साफ करायच्या. रिटायर होताना निरोप समारंभ झाला. मुख्याध्यापक शाल आणि नारळ घेऊन पुढे आले तर बाईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले, विश्रामच्या पोजमध्ये. "शाल माझ्याकडे आहे. नारळ बाजारात मिळतो. मला ती टाकी द्या." मुख्याध्यापक म्हणाले, बाई, ती शाळेची मालमत्ता आहे, अशी कशी देता येईल? बाई म्हणाल्या, "मग मीपण शाळेचीच मालमत्ता. मी पण जात नाही." आणि स्टेजवरच्या खुर्चीत बसल्या. भाषणं संपली, सामोसे संपले, पोरं घरी गेली, बाई खुर्चीतच. शेवटी टेम्पो बोलवावा लागला. टाकीबरोबर क्रीडासाहित्याच्या खोलीतले भंगारात निघालेले फुटबॉलचे ब्लॅडर आणि हवा भरायचा पंपही बाईंनी टेम्पोत टाकला. त्याला आता कोण नाही म्हणणार होतं!

सोसायटीत टाकी आली तर सेक्रेटरी वर आले. एवढं पाणी, एवढं वजन, स्लॅबला धोका, कमिटीची परवानगी घ्यायला हवी होती, असं बरंच काही बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मी महाडकडची," त्या म्हणाल्या. "पाण्याला हात लावायला आमच्या आजोबांनी परवानगी मागितली नाही. मी मागू?" सेक्रेटरी चहा न घेताच उठले. पुढे त्यांनी स्लॅबचा विषय काढला नाही.

पण बाईंचं खरं रूप मी बघितलं ते लिफ्टच्या वेळी. एके दिवशी खाली नोटीस लागली की घरकाम करणाऱ्या बायकांनी आणि फेरीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये. आमच्याकडे दिवाळे गावची एक कोळीण यायची, वयाने बाईंएवढीच, डोक्यावर माशांची पाटी. त्या दिवशी ती धापा टाकत दारात आली. "मना लिफ्टमदी घेत नाय बाय, वास मारतं म्हनतान." बाईंनी तिला आत बसवलं, पाणी दिलं, आणि खाली जाऊन नोटिशीसमोर उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ही नोटीस इथे आहे तोपर्यंत मी लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाही. शब्द."

आणि नाही ठेवला. गुडघे दुखायचे, तरी नाही. सिलिंडरवाल्यालाही जिन्यानेच यायला लावतील की काय अशी मला भीती वाटायची. कोळीण आली की बाई खाली उतरायच्या आणि पाटी दोघी दोन बाजूंनी धरून, गप्पा मारत वर यायच्या. मध्येच थांबून कुणाच्या तरी दारासमोर दम खायच्या, बहुतेक वेळा सेक्रेटरींच्याच. अख्खा जिना बोंबिलाने घमघमायचा. पावसाळा गेला, दिवाळी गेली, मग एका सकाळी नोटीस दिसेनाशी झाली. कुणी काढली ते कुणी सांगितलं नाही. बाई लिफ्टमध्ये शिरल्या, चौथ्याचं बटण दाबलं आणि मला म्हणाल्या, "कराड, शब्द दिला की संपलं. आपण मोडायचा नसतो, समोरच्याने मोडायचं असतं."

हे सांगितलं कारण पुढे जे झालं ते याच स्वभावामुळे झालं.

बाईंना एक मुलगा, पुण्याला. महिन्याकाठी यायचा. वाईट नव्हता हो, उलट फार साधा, हळू बोलणारा. आईसाठी गोळ्या आणायचा, फ्यूज बदलून द्यायचा. त्या थंडीत बाई बाथरूममध्ये घसरल्या आणि मनगटाला प्लास्टर आलं. मी ऑफिसात होते. तीनशे दोनच्या काकूंनी शिट्टी ऐकली म्हणून वर आल्या, नाहीतर बाई संध्याकाळपर्यंत तिथेच. मुलगा घाबरला. प्लास्टर निघालं तरी त्याची भीती काही निघेना. दर वेळी एकच, आई, हा फ्लॅट काढू या, तू माझ्याकडे चल.

"एकटीला जमत नाही तुला आता," तो म्हणाला.

"एकटी कुठे? ही कराड आहे."

"ती उद्या लग्न करून जाईल."

मला तेव्हा बघायला कुणी येतही नव्हतं, पण ते असो.

बाई उठल्या आणि टाकीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "हे बघ. सहा जीव सांभाळते मी. काचेत कोंडलेत, यांना माझ्याशिवाय कोण नाही. मला जमत नाही म्हणतोस ना? म्हातारे होऊन मेले तर ते धरायचं नाही. पण यातला एक जरी माझ्या हातून, हवेवाचून नाहीतर अन्नावाचून गेला, तर त्या दिवशी बॅग भरून तुझ्याकडे येते. कायमची. तोपर्यंत हा विषय बंद."

"शब्द?" मुलगा म्हणाला. आईला तो चांगला ओळखत होता.

"शब्द."

तो गेल्यावर मी बाईंवर जाम उखडले. म्हटलं, डोकं फिरलंय का तुमचं? स्वतःचं घर कुणी माशांवर लावतं का? उद्या लाइट गेली तर? बाई शांतपणे म्हणाल्या, "लाइट गेली तर बघू. अजून जायचीय."

ती गेली मे महिन्यात. शनिवार, मला सुट्टी. सकाळी चहा घेताना एकदम काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, आणि मग लक्षात आलं की घुरघुर थांबलीय. पंखाही थांबला होता. खाली चौकशी केली तर सेक्टरचा ट्रान्स्फॉर्मर जळाला होता आणि नवा कुठून तरी येणार होता. कधी, ते कुणाला माहीत नव्हतं. मला एकदम आठवलं, दुसऱ्या दिवशी रविवार, आणि रविवारी मुलगा येणार होता.

"बाई, टेन्शन आहे," मी म्हटलं.

"टेन्शन कसलं? मग्गा आण."

बाईंनी आधी माशांचं खाणं बंद केलं. उपाशी मासा मरत नाही, पण खाल्लेलं पचवायला त्याला हवा जास्त लागते, असं त्यांचं म्हणणं. मग टाकीचं झाकण काढलं आणि मला शिकवलं, मग्गा भरून पाणी घ्यायचं आणि हात उंच करून वरून बारीक धारेने परत टाकीत सोडायचं. पाणी पडताना आपल्याबरोबर हवा घेऊन आत जातं. मी ओतायला लागले. थोड्या वेळात खांदा भरून आला. तेवढ्यात बाईंनी माळ्यावरून ते फुटबॉलचे ब्लॅडर काढले.

मी असलं काही आधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. ब्लॅडरमध्ये पंपाने हवा भरायची, टम्म झाला की त्याचं तोंड चिमटीत धरून टाकीच्या नळीवर चढवायचं, वरून सुतळीने करकचून बांधायचं, आणि नळीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचा. चिमटा जरा सरकवला की हवा हळूहळू सुटते आणि तळाच्या दगडातून बुडबुडे येतात, अगदी विजेच्या पंपासारखे. एक ब्लॅडर रिकामा होईपर्यंत दुसरा भरून तयार. बाई खुर्चीत बसून पायात पंप धरून हवा भरत होत्या आणि वर मोजत होत्या, एक-दोन, एक-दोन. मनगट दुखत असणार. पण चेहऱ्यावर असा आनंद, जणू कुणीतरी त्यांना पुन्हा मैदानावर बोलावलंय!

दुपारपर्यंत आम्ही जिंकत होतो. मग नळ गेले. लाइट नाही म्हणजे सोसायटीची मोटर नाही, मोटर नाही म्हणजे वरच्या टाकीत पाणी नाही. बाईंकडे बाल्कनीत एक ड्रम भरलेला असायचा, माशांसाठी शिळं पाणी. नळाच्या ताज्या पाण्यात औषध असतं, ते माशांना बाधतं, म्हणून ते काही दिवस उघडं ठेवून मग वापरायचं. पहिल्या मजल्यावर एक बाळंतीण होती, तिची आई बादली घेऊन आली. बाईंनी ड्रम उघडून दिला. तिच्यामागून आणखी दोघं-तिघं आले. बाईंनी त्यांनाही दिलं. मी डोळ्यांनी खुणावत होते, अहो थोडं ठेवा, थोडं ठेवा. बाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं. ड्रमाचा तळ दिसला.

मग खालून कुणीतरी येऊन सांगितलं की लाइटवाले आलेत, पण नुसतेच उभे आहेत. बाई लगेच बूट चढवून निघाल्या. "मी नुसतं उभं राहणाऱ्या पोरांना चांगली ओळखते," म्हणाल्या. मला किराणावाल्याकडून सुतळी आणायला पाठवलं आणि टाकीशी उभं राहायला तीनशे दोनच्या काकूंना बोलावलं. त्यांना मग्गा कसा ओतायचा ते दाखवलं, चिमटा कसा सरकवायचा ते दाखवलं. काकू म्हणाल्या, तुम्ही बिनधास्त जा.

आता काकूंचं सांगायला पाहिजे. त्यांच्या मिस्टरांना साडेसाती होती आणि गुरुजींनी सांगितलं होतं की दर शनिवारी माशांना कणकेच्या गोळ्या घाला. काकू नेमाने तळ्यावर जायच्या. त्या शनिवारी लाइट नाही, पाणी नाही, ऊन असं, त्यांचं जाणं राहिलं होतं. आणि इथे समोर टाकीत मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. हवा कमी पडली की मासे असे वर येऊन तोंडं उघडतात. काकूंना वाटलं, भुकेले आहेत बिचारे. बाई गडबडीत खायला घालायला विसरल्या असतील. त्या पटकन खाली जाऊन कणीक मळून आल्या आणि भक्तिभावाने हरभऱ्याएवढ्या गोळ्या टाकीत सोडल्या. चांगल्या मूठभर. वर हात जोडले.

मी सुतळी घेऊन आले तेव्हा काकू प्रसन्न चेहऱ्याने मला म्हणाल्या, "बघ, कसे खातायत!" टाकीत पीठ विरघळून पाणी ताकासारखं झालं होतं. मी किंचाळले. खरंच किंचाळले, आणि काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. काकूंना आधी काही कळेना, आणि कळलं तेव्हा त्या मटकन खाली बसल्या.

लाइटवाले नव्या ट्रान्स्फॉर्मरचीच वाट बघत होते, म्हणून बाई परत आल्या आणि टाकीत बोट घालून बघितलं. मग म्हणाल्या, "पाणी बदलायला लागणार." आणि रिकाम्या ड्रमाकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. मी बघितलं. मला रडू फुटलं आणि रागही आला, त्या सगळ्या बादल्यांचा, बाळंतिणीचासुद्धा.

"विहिरीचं चालेल," बाई म्हणाल्या. "त्यात औषध नसतं."

पलीकडच्या गावठाणात देवळामागे विहीर होती. मी आणि काकू कळशा घेऊन गेलो. लिफ्ट बंद, चार मजले, आणि काकूंचं वजन चांगलं. पण काकूंनी त्या दिवशी किती कळशा वर आणल्या! मध्येच जिन्यात थांबून "माझं मेलीचं काय चुकलं" म्हणून रडायच्या आणि पुन्हा चढायला लागायच्या. बाई पिठूळ पाणी नळीने तळातून काढत होत्या आणि विहिरीचं थोडं थोडं वरून सोडत होत्या. एकदम थंड पाणी घातलं तर मासे दचकून मरतात, म्हणून अगदी थोडं. दुसऱ्या हाताने ब्लॅडर. रात्रभर आम्ही तिघींनी पाळ्या केल्या.

सगळे मासे पाण्याच्या तोंडाशी येऊन हवा घेत होते. एकटा गोलकीपर तळाशी. तिथे हवा सगळ्यात कमी. बाईंनी त्याला हाताने वर आणलं, की हा पुन्हा खाली. पुन्हा वर आणलं, पुन्हा खाली. "अरे वर ये ना बाबा," बाई म्हणाल्या, आणि तेवढ्या एका वाक्यात त्यांचा आवाज फाटला. सकाळ झाली तेव्हा तो कोपऱ्यात आडवा पडला होता.

बाईंनी त्याला ओंजळीत घेतलं. बाल्कनीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरलं. हात धुतले, तेही टाकीतल्याच काढलेल्या पाण्याने, कारण विहिरीचं माशांसाठी राखलेलं होतं.

माझं डोकं मात्र वेगळं चालत होतं. "बाई, वाशीला माशांचं दुकान आहे. मी रिक्षाने जाते. असाच जाडा, फिकट बघून आणते. तो यायच्या आत परत येते. कुणाला कळणार आहे?"

"कराड, रेफ्रीच्या पाठीमागे खेळाडू बदलतेस?"

"मग घर घालवा!" मी ओरडले. "बसा पुण्याला जाऊन!"

काकू मध्ये पडल्या. "बाई, मीच सांगते त्याला. कणीक मी घातली. तुमच्या हातून नाहीच गेला तो. मग तुमचा शब्द लागू कसा होईल?" काकू चांगल्या हुशार होत्या, हे मला तेव्हा कळलं. मला तर एकदम सुटल्यासारखं झालं. बरोबर होतं ते, शंभर टक्के बरोबर.

बाई तशाच हवा भरत राहिल्या.

मुलगा आला तो घामाघूम होऊन, चार मजले चढून. दारातच थबकला. हॉलभर पाणी, कळशा, ओली फडकी. मी मग्गा घेऊन उभी, काकू मांडीवर फुटबॉलचा ब्लॅडर घेऊन बसलेल्या. त्याने टाकीकडे बघितलं. त्याचे ओठ मोजताना हलले ते मला दिसलं.

"आई... पाच?"

"माझ्यामुळे झालं रे," काकू सुरू झाल्या, "मी कणीक..."

"तीनशे दोन, तुम्ही गप्प बसा." बाई उठून उभ्या राहिल्या. पदर खोचला. "गोलकीपर गेला. हवेवाचून गेला. टाकीशी कोण उभं राहणार ते मी ठरवलं होतं, पाणी कुणाला द्यायचं तेही मीच ठरवलं. म्हणजे माझ्या हातून गेला."

मी डोळे मिटले. संपलं, म्हटलं. मुलगा जिंकल्यासारखा अजिबात दिसत नव्हता, उलट कसानुसा झाला होता. "मग?" तो हळूच म्हणाला.

"मग काय? तुला शब्द दिला होता. तो मी मोडतेय."

हॉलमध्ये फक्त बुडबुड्यांचा आवाज.

"मी येणार नाही," बाई म्हणाल्या.

"आई, तू आयुष्यात कधी शब्द..."

"नाही मोडला. आज मोडतेय. लपूनछपून नाही, यांच्यादेखत मोडतेय. उद्या सगळ्यांना सांग, आई खोटारडी निघाली. कुणी विचारलं तर मी हो म्हणेन." त्यांचा आवाज चढला. "आयुष्यभर शब्दाला जपलं मी, गुडघे गेले माझे त्यापायी. पण असला कसला रे शब्द? एक पोरगा मैदानात पडला म्हणून मी कधी टीम बाहेर काढली नाही. एक गेला म्हणून त्या पाचांना उचलून कुणाला देऊ? ते अजून श्वास घेतायत. आणि मीपण घेतेय."

मुलगा चपलांच्या स्टँडवर बसला. "तू परत पडलीस तर?" म्हणाला. मग एकदम, "बाबा गेले तेव्हा पण मी इथे नव्हतो, आई."

मी बाईंना इतकी वर्षं बघितलं, भांडताना, ओरडताना, रुसताना. पण त्या क्षणी त्या नुसत्याच आई दिसल्या. त्यांनी त्याच्या घामेजलेल्या पाठीवर हात ठेवला.

"माहितीये मला," त्या म्हणाल्या. "भीती वाटली की ये. दर रविवारी ये, रोज ये, दार उघडं आहे. पण मला न्यायला येऊ नकोस. पडले तर माझ्या घरात पडेन."

तेवढ्यात बुडबुडे बारीक झाले आणि थांबले. काकूंच्या मांडीवरचा ब्लॅडर चपटा झाला होता. पाची मासे वर आले आणि तोंडं उघडायला लागले. बाईंनी पायातला पंप मुलाच्या पुढ्यात सरकवला.

"रडायचं नंतर. हवा भर."

त्याने बाह्या वर केल्या, पंप दोन पायांत धरला आणि मान वर करून विचारलं, "किती वेळ?"

"लाइट येईपर्यंत," बाई म्हणाल्या. "आणि आज नाही आली, तर उद्यापण."